भाजली कधी?

सौंसरच्या बाजारात त्या काळी कॉफी मागितली की दुकानदार आधी विचारायचा, "कोणाले ताप आहे घरी?" कॉफी म्हणजे सर्दी-पडशाचं औषध. वरच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेला, झाकणाला गंज चढलेला छोटा डबा, तो खाली काढायलासुद्धा स्टूल लागायचं. गजभिये सिस्टर तो डबा हातात घ्यायच्या, उलटा करून पाहायच्या आणि विचारायच्या, "भाजली कधी?"

"आता कंपनीचा बंद डब्बा येते ना जी."

"ते दिसून राहिलं मले. भाजली कधी, ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात कोणाकडेच नव्हतं. सिस्टर डबा परत फळीवर ठेवायला लावायच्या आणि रिकाम्या हाताने निघून जायच्या. मी त्यांच्याबरोबर आठ वर्षं नोकरी केली. आठही वर्षं त्या हा प्रश्न विचारत होत्या, आणि मला वाटतं शेवटी शेवटी दुकानदार त्यांना लांबून पाहूनच "नाही आहे" असा हात करू लागले होते.

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायच्या खोलीत होतो आणि शकुंतला गजभिये बाळंतिणींच्या वॉर्डाच्या सिस्टर म्हणून नव्यानेच आल्या होत्या. उंच, वाळक्या, केस घट्ट बांधलेले, छातीवर उलटं घड्याळ टोचलेलं. चालायच्या इतक्या भरभर, की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागायचं. बोलणं अस्सल आमच्याकडचं, पण संताप अनावर झाला की तोंडातून "अय्यो!" निघायचं. कळा देणाऱ्या बायाही त्या "अय्यो"ला हसायच्या. मग सिस्टर आणखी चिडायच्या.

हे "अय्यो" त्यांनी कूर्गहून आणलं होतं. लोधीखेड्याजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म. वडील लोकांच्या संत्र्याच्या बागेत मजूर. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्या माणसाने पहिलं काम केलं ते मुलीचं नाव शाळेत टाकायचं. मुलगी शिकली, नर्सिंगला गेली, आणि नोकरी लागली ती थेट दक्षिणेत, कूर्गच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांमधल्या एका लहानशा दवाखान्यात. तिथे अकरा वर्षं काढली. दर रविवारी तिच्याबरोबरची लिली नावाची केरळची नर्स लोखंडी तव्यावर कॉफीच्या बिया भाजायची, आणि सगळ्या जणी पायऱ्यांवर बसून प्यायच्या. मग इकडे वडिलांना अर्धांगवायू झाला. भाऊ भिलाईला, त्याला सुट्टी नव्हती. सिस्टर आल्या आणि राहिल्या. येताना एक पितळेचं दुमजली फिल्टर आणलं, आणि टेबलाच्या कडेला पेचाने आवळायची, हाताने फिरवायची एक लहान लोखंडी चक्की. दोन्ही वस्तू होत्या. त्यात घालायला काही नव्हतं.

दवाखान्यात अकरा वाजता सगळ्यांचा चहा यायचा. सिस्टर चहा घ्यायच्या नाहीत. सुरुवातीला त्यांच्याकडे कूर्गची थोडी कॉफी शिल्लक होती, तेव्हा त्यांनी थर्मास भरून आणला आणि सगळ्यांना विचारलं. कंपाउंडर म्हणाला, कडू असते बापा, आपल्याले नाही जमत. हेडक्लार्क म्हणाला, मले पित्त आहे. ड्रेसरने उपास सांगितला. मी घेतली. चांगली होती की वाईट, मला कळलं नाही, पण वास खोलीभर राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीत नळ्या धुवायच्या टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ढोटे भाऊ, कडू आहे म्हणून नाही म्हणणारे किती अन् माझ्या हातची आहे म्हणून नाही म्हणणारे किती, हे मले मोजता येते."

मी कॉफी घेतली होती खरी, पण बोरगावला घरी आईला ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

थर्मास नंतर कधी आला नाही. त्यांची कॉफी संपली, आणि शोध सुरू झाला.

एकदा पांढुर्ण्याहून त्या सुटी पूड घेऊन आल्या. दुकानदाराने छातीवर हात ठेवून "एकदम शुद्ध" म्हटलं होतं. सिस्टर सरळ माझ्या खोलीत. "एक काचेचा ग्लास द्या. थंडं पाणी." मी दिला. त्यांनी चिमूटभर पूड पाण्यावर सोडली. कॉफी असली तर काही वेळ वर तरंगते, भेसळ असली तर ती लगेच रंग सोडत खाली जाते, हे मला त्या दिवशी कळलं. ही पूड सगळीच्या सगळी खाली गेली, पाण्यात तपकिरी रेघा ओढत. सिस्टरांनी तळाचा गाळ बोटावर घेतला, दाताखाली चावला, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चिंचोका."

दुसरा कोणी असता तर पुडी फेकून मोकळा झाला असता. त्या पुढच्या सुट्टीला बस पकडून पांढुर्ण्याला गेल्या आणि पुडी दुकानदारासमोर ठेवली. मी रक्ताच्या तपासाची औषधं आणायला त्याच बसने गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकायला मिळालं. दुकानदार म्हणाला, "बाई, इतके वर्षं लोकं पिऊन राहिले. कोणी मेलं का?"

"कोणी मरत नाही म्हणून तं तुमचं चालून राहिलं."

"मंग काय पाह्यजे तुम्हाले?"

"कॉफी पाह्यजे! कॉफी मागतली तं कॉफी द्या, नाही तं नाही म्हना. चिंचोके कायले देता?"

त्याने पुडी परत घेतली, ती त्यांच्यासमोरच डब्यात ओतली, आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.

नागपूरला बर्डीवर एका गल्लीत एक मद्रासी गृहस्थ कॉफी भाजून विकतो, अशी बातमी त्यांना कोणीतरी दिली. मंगळवार आणि शनिवार, सकाळी. सौंसरहून नागपूरला जायला तेव्हा छोटी रेल्वे. ती इतकी सावकाश जायची, की लोक मधे उतरून, मोकळे होऊन परत चढायचे. सिस्टरांनी दुसरीशी ड्यूटी बदलून घेतली, गेल्या, आणि पोचेपर्यंत ताजा माल हॉटेलवाले उचलून गेले होते. उरली होती ती मागच्या आठवड्याची. "हीपण चांगली आहे," तो म्हणाला. त्यांनी हुंगली आणि परत दिली. दुसऱ्या खेपेला भाजायच्या यंत्राचा पट्टा तुटला होता. तिसऱ्या खेपेला त्या आदल्या दिवशीच नागपूरला मावशीकडे मुक्कामाला गेल्या आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या राहिल्या.

त्या दिवशी मिळाली. अर्धा किलो, खाकी पिशवीत, अजून कोमट. गाडीत त्यांनी ती पिशवी मांडीवर धरून ठेवली होती, असं नंतर मला त्यांनीच सांगितलं. स्टेशनवर उतरल्या तर दवाखान्याचा चपराशी वाट पाहत उभा. आडवं आलेलं मूल, डॉक्टर छिंदवाड्याला बैठकीला. सिस्टर घरी न जाता तशाच वॉर्डात आल्या, पिशवी कपाटात टाकली, हात धुतले. ती बाई वाचली, मूलही वाचलं. पण तिच्यामागे आणखी दोघी आल्या, आणि सिस्टर सलग दोन दिवस तिथून हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा फिनाइलच्या बाटलीचं बूच निघालेलं होतं.

त्यांनी पिशवी माझ्या नाकाला लावली. "सांगा, कशाचा वास येऊन राहिला?"

"फिनाइल," मी म्हणालो.

"तरी मी दळली, ढोटे भाऊ. तरी मी करून पाह्यली." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज चिडलेलाच होता. "पिल्यावर ओकले मी. अय्यो, कसं नशीब आहे हो हे?"

दवाखान्यातले लोक त्यांना हसायचे. कॉफीवाली बाई म्हणायचे. एवढा जीव काढायचा तर नागपूरलाच जाऊन राहा म्हणा, असं हेडक्लार्क म्हणायचा. मलाही कधीकधी वाटायचं, की एक पेय ते काय, डब्यातलं घ्यावं आणि साखर टाकून प्यावं. एकदा तसं बोलूनही गेलो. त्या म्हणाल्या, "इथी मी सगळंच चालवून घेते. पाणी नाही, चालवते. कापूस नाही, चालवते. एक गोष्ट तं असू द्या, जे मी चालवून घेत नाही." आणि कोमट पाणी पीत बसल्या. वाईट कॉफीपेक्षा कोमट पाणी, हा त्यांचा नियम होता.

मग लिलीचं पत्र आलं.

लिली कूर्गची नोकरी सोडून कुवेतला जाणार होती. कागदपत्रांसाठी तिला दिल्ली गाठायची होती, आणि केरळकडून दिल्लीला जाणारी गाडी पांढुर्ण्याला दोन मिनिटं थांबायची. तिने डब्याचा नंबर कळवला होता. येताना कॉफी आणते, असं लिहिलं होतं. आणि खाली, दोन ओळी खोडून पुन्हा लिहिलेलं, की मी जातेय त्या कुवेतच्या दवाखान्यात आणखी तीन जागा आहेत, तू हो म्हण, मी दिल्लीत तुझं नाव देते.

हे पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, कारण मला त्यांच्याबरोबर पांढुर्ण्याला न्यायचं होतं. डबा पुढे येतो की मागे, कोणाला ठाऊक नव्हतं. "दोन मिनिटांत मी एकटी किती धावू? तुम्ही एका टोकाले उभे राहा, मी एका टोकाले."

"पण तुम्ही जाणार का कुवेतला?"

"बाबाले कोण पाहीन?" त्या म्हणाल्या. मग पत्राची घडी घालत, "पाहू. तिले भेटल्यावर पाहू."

गाडी सकाळी अकराची होती. आम्ही दहाला फलाटावर. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. स्टेशनमास्तर दर वेळी "आती है" म्हणायचा. सिस्टर बाकावर बसत नव्हत्या, येरझाऱ्या घालत होत्या. चारच्या सुमाराला सिग्नल पडला. त्या इंजिनाच्या बाजूला धावल्या, मी शेवटाला राहिलो.

डबा माझ्यासमोर आला.

खिडकीतून एक गोल चेहऱ्याची बाई अर्धी बाहेर आलेली. "शकुंतला? शकुंतला किधर?" मी हात दाखवला. लांब, फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पांढरी साडी आमच्याकडे धावत येत होती. फलाटावर संत्र्याच्या पेट्या रचलेल्या, हमाल, चढणारे-उतरणारे. लिलीने एक जड कापडी पिशवी खिडकीतून माझ्या हातात ढकलली. "उसको बोलो, हाँ या ना. आज ही बोलना है. उधर लिस्ट देना है." मी ओरडलो, "सिस्टर, पळा!" त्या पेट्यांना ठेचकाळल्या, उठल्या, पुन्हा धावल्या. शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीशी पोचल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि सिस्टर गाडीबरोबर चालू लागल्या, मग पळू लागल्या. लिली कूर्गकडच्या भाषेत काहीतरी विचारत होती, परत परत तेच. सिस्टरांना दम लागला होता. बोलता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. आडवी.

हात सुटले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पिशवीची गाठ सोडली. आत पाच किलो कॉफी होती, फिकट हिरवी, कच्ची. वर चिठ्ठी. भाजलेली कॉफी पंधरा दिवसांत मरते, कच्ची वर्षभर टिकते, आता तुझी तूच भाज. सिस्टर मूठभर बिया हातात घेऊन पाहत बसल्या. "कच्ची," त्या म्हणाल्या. "सहा तास उभी राह्यली मी, अन् कच्ची."

घरच्या चुलीवर दोन वेळा करपल्यावर त्या बाजारातल्या भडभुंजिणीकडे गेल्या. रामकली नाव तिचं. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे भाजायची. भट्टीवर कढई, कढईत तापलेली रेती. तिने बिया हातात घेतल्या, चावून थुंकल्या आणि म्हणाली, "ये क्या बला है, सिस्टर?"

"भाजून दे. पण करपू देऊ नको."

रामकलीने रेतीत टाकल्या, हलवल्या, चाळून दिल्या. रंग सुरेख आला. सिस्टर घरी गेल्या, चक्कीत टाकल्या, दांडा फिरवला, आणि चक्की कडकन अडकली. कॉफीच्या बीला मधोमध चीर असते. प्रत्येक चिरेत रेती भरली होती. चक्कीचा एक दात कायमचा गेला.

रामकलीशी त्यांचं असं जोरदार भांडण झालं, की अर्धा बाजार गोळा झाला. "रेत के बिना कौन भूंजता है?" रामकली ओरडत होती. सिस्टर तिच्यापेक्षा मोठ्याने. शेवटी रामकलीने कढईतली रेती ओतून दिली, कढई राखेने घासली, आणि झारा सिस्टरांच्या हातात दिला. "लो, तुमही भूंजो!"

आणि सिस्टर युनिफॉर्ममध्येच भट्टीसमोर बसल्या. मीही गर्दीत होतो. हिरव्या बिया पिवळ्या झाल्या, मग तांबूस. टरफलं उडू लागली. धूर आला, आणि बिया लाह्यांसारख्या तडतडल्या. रामकली कान देऊन ऐकत होती. फुटाण्यांवर तिचं सगळं आयुष्य गेलेलं, तिला ती तडतड आमच्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होती. "अब निकालो," ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "अजून थोडी." रामकलीने ऐकलं नाही, कढई उचलून सरळ सुपात उपडी केली आणि भराभर पाखडायला लागली. सिस्टरांनी एक बी उचलून फोडली, हुंगली. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "बरोबर होती तू," त्या रामकलीला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आणि रामकलीला घरी बोलावलं. दात तुटलेल्या चक्कीतून जाडीभरडी पूड निघाली, पण फिल्टरमधून थेंबथेंब काळं पाणी उतरलं आणि घर भरून गेलं. पहिला पेला त्यांनी आम्हाला दिला नाही. बाजेवर वडील पडले होते, एक बाजू लुळी, पण डोळे तल्लख. सिस्टरांनी त्यांना टेकवून बसवलं, पेला ओठाला लावला. "बाबा, प्या. हे तिथली आहे. मी होती ना, तिथली."

म्हाताऱ्याने एक घोट घेतला. तोंडात फिरवला. आम्ही सगळे पाहत होतो.

"कडू आहे वं," तो म्हणाला. "चहा टाक."

सिस्टरांनी पेला खाली ठेवला. मग उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. तो पेला रामकलीने उचलून संपवला आणि म्हणाली, "अच्छी है. फुटाने के साथ चलेगी."

त्यानंतर वर्षभर, पाच किलो संपेपर्यंत, सिस्टरांकडे कॉफी असायची. संपल्यावर पुन्हा लिलीच्या जुन्या पत्त्यावर, मळ्यावर, पार्सलासाठी पत्रं लिहिली. एक पार्सल पावसात भिजून बुरशी लागून आलं. दुसरं राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर अडकलं, कारण 'बिया' असं लिहिलं होतं आणि बियाण्याचा परवाना नव्हता. सिस्टरांनी तिथल्या साहेबाला समजावलं, की या पेरायच्या नाहीत, प्यायच्या आहेत. साहेबाने अर्ज तीन प्रतींत मागितला. त्यांनी दिला. उत्तर कधी आलं नाही.

वडील गेले तेव्हा सिस्टरांची चाळिशी आली होती. तेराव्याबिराव्याचं काही नव्हतं. वंदना झाली आणि चौथ्या दिवशी त्या ड्यूटीवर आल्या. महिन्याभराने त्यांनी कुवेतला लिलीला पत्र टाकलं. लिलीचं उत्तर लगेच आलं, लांबलचक, पण मुद्दा एवढाच होता, की आता पस्तिशीच्या वरच्या नर्सेस घेत नाहीत. सिस्टरांनी ते पत्र घडी करून युनिफॉर्मच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाल्या, "ज्याच्यासाठी नाही म्हटलं, त्याचा राग येत नाही हो. पण राग तं येते. मंग तो ठेवू कोठी?"

त्याच उन्हाळ्यात माझी बैतूलला बदली झाली. निरोपाच्या दिवशी सकाळी दवाखान्यात हार-नारळ झालं. कंपाउंडरने भाषण केलं. सिस्टर आल्या नाहीत. पहाटेच कुठल्याशा खेड्यातून बोलावणं आलं आणि जीप बंद होती म्हणून पायी गेल्या, असं कळलं. मला वाईट वाटलं. आठ वर्षांनी एवढं तरी.

दुपारच्या बसने मी पांढुर्ण्याला निघालो, तिथून गाडी धरायची होती. ट्रंक आणि वळकटी जवळ. गावाबाहेर तीन-चार मैलांवर ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून सिस्टर उभ्या. बाजूला एक बंडी कलंडलेली, चाक निखळलेलं, बैल सोडलेले. बंडीत तुराट्यांवर आणि गोधडीवर एक बाई, तिच्या सासूने तिचं डोकं धरलेलं.

"फिरवा गाडी," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, पांढुर्ण्याची टायमाची गाडी आहे. सवारी आहे आतमंदी."

"टाइम बाईजवळ नाही आहे. फिरवा!"

चार माणसांनी बाईला उचलून आत आणलं. सिस्टर मागून चढल्या. युनिफॉर्म मातीने आणि रक्ताने भरलेला, घाम गळत होता. त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील.

"ढोटे भाऊ, वळकटी सोडा."

मी सोडली. त्यांनी माझी गादी आणि चादर दोन बाकांमधल्या जागेत अंथरली, बाईला तिच्यावर निजवलं, आणि गुडघ्यांवर बसल्या.

"आता उतरा सगळे. हवा येऊ द्या."

आम्ही उतरलो. कोणीतरी माझी ट्रंक खाली फेकली. ड्रायव्हरने गाडी मागेपुढे करत वळवली आणि सौंसरकडे सोडली. मागच्या काचेतून त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. "जोर लाव, माय, जोर लाव," असं त्या ओरडत होत्या, ते धुरळा खाली बसेपर्यंत ऐकू येत राहिलं.